निर्गुडीचा अर्क आणि म्हशीच्या पोटातले धागे

पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत माझ्या थर्मासमध्ये चहा कधीच नव्हता. त्यात 37 अंश सेल्सिअसला तापवलेले सलाईन असे आणि ते घेऊन मी पहाटे साडेपाचला म्हशींच्या कत्तलखान्याच्या फाटकाशी उभी असे. हत्तीरोगाच्या जंतावर वनस्पतींतील संयुगांचा काय परिणाम होतो, हा माझा विषय होता. पण तो रोग मुख्यतः ज्याच्यामुळे होतो तो वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हा जंत प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्राण्यांत वाढतच नाही. म्हणून त्याचा नातलग, म्हशीच्या पोटाच्या पोकळीत सापडणारा सेटारिया डिजिटाटा, वापरावा लागतो. म्हशीला तो फारसा त्रास देत नाही. घोड्याच्या मज्जारज्जूत त्याची पिल्ले भरकटली, तर मात्र घोडा कमरेतून लुळा पडतो, त्याला कुमरी म्हणतात.

पूर्व विदर्भात हत्तीरोग नवा नाही. माझ्या आत्याचा डावा पाय मी शाळेत असल्यापासून सुजलेला पाहिला आहे आणि ती त्याला निर्गुडीच्या पाल्याचा शेक देत आली आहे. विषय ठरवताना ते डोक्यात नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल, पण कारण तेवढेच नव्हते. 1947 पासून वापरात असलेले डीईसी हे औषध रक्तातल्या मायक्रोफायलेरियांचा, म्हणजे जंताच्या सूक्ष्म पिल्लांचा, नाश चांगला करते. लसिकावाहिन्यांत (शरीरातला लसद्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) सहा ते आठ वर्षे जगणाऱ्या प्रौढ जंतावर मात्र त्याचा प्रभाव अपुरा पडतो, म्हणूनच गोळ्यांची मोहीम वर्षानुवर्षे राबवावी लागते. प्रौढ जंतालाच मारणारे काही वनस्पतींत सापडते का, हा माझा प्रश्न होता. निर्गुडी आणि बेल यांच्या पानांवर हत्तीरोगाचाच दुसरा जंत असलेल्या ब्रुगिया मलायाच्या संदर्भात आधी काम झालेले असल्याने सुरुवात अगदी अंधारात नव्हती.

परवानगीचे पत्र, पशुवैद्यकाची सही, हर्बेरियमसाठी निर्गुडीची फुलांसह दाबून वाळवलेली फांदी आणि ती ओळखून देणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचा दाखला, हे सगळे जमायला चार महिने गेले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. कत्तलखान्यातले एक वयस्कर चाचा मात्र लक्षात राहिले. पोट उघडले की आतड्यांवरून हात फिरवून ते हाक देत, “मॅडम, आज धागे आहेत.” खरोखरच ते धाग्यांसारखे दिसतात: पांढरे, बोटभर लांब, शेपटाकडे मळसूत्रासारखे वळलेले, आणि कोमट सलाईनमध्ये सोडले की सावकाश वेटोळी घालणारे. डिसेंबरातल्या एका पहाटे थर्मासचे झाकण सैल राहिले आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सगळे जंत गारठून निपचित पडले. त्यातले निम्मे इनक्युबेटरमध्ये पुन्हा हलू लागले, तेव्हा हालचाल थांबणे म्हणजे मरणे नव्हे, हे मला पहिल्यांदा नीट कळले.

अर्क काढण्याच्या पद्धतीवरून मी माझ्या मार्गदर्शक सरांशी वाद घातला. पाने सावलीत वाळवून, भरड करून सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात मिथेनॉलसह तासन्‌तास उकळवणे ही आमच्याकडची रीत होती. मला चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांची गोष्ट आठवत होती. वनस्पतीतले मलेरियाविरोधी आर्टेमिसिनिन उष्णतेने नासते हे ओळखून त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला आणि मगच अर्क मलेरियावर चालला. (2015 चे नोबेल त्यांना मिळाले, त्यातलाच दुसरा अर्धा वाटा ज्या एव्हरमेक्टिनसाठी दिला गेला, ज्यापासून हत्तीरोगावरचे आयव्हरमेक्टिन आले, ते मात्र झाडाचे नव्हे, जपानच्या मातीतल्या जिवाणूचे. वनस्पतींवर काम करणाऱ्याने हे विसरू नये.) शेवटी सरांनी दोन्ही पद्धतींनी अर्क काढायला परवानगी दिली, म्हणजेच काम दुप्पट झाले.

खरी फजिती पुढे झाली. जंत चोवीस तास अर्कात ठेवायचे, मग ताज्या माध्यमात सोडून ते पुन्हा हलतात का हे पाहायचे आणि शेवटी एमटीटी नावाचे पिवळे द्रव्य द्यायचे. जिवंत पेशी त्याचा जांभळा फॉर्मेझान करतात, मेलेला जंत फिकट राहतो. माझे निर्गुडीतले जंत ताज्या माध्यमातही हलत नव्हते, तरी वाटी जांभळी होत होती. डोळा ‘मेला’ म्हणत होता आणि रंग मोजणारे यंत्र ‘जिवंत’ म्हणत होते. तीन वेळा तेच घडल्यावर सर म्हणाले, “जंताशिवाय करून पाहिलंस का?” पाहिले नव्हते. नुसत्या अर्कात एमटीटी टाकले तर दहा मिनिटांत तेही जांभळे झाले. पानांतली पॉलिफेनॉल नावाची संयुगे स्वतःच ते क्षपित करत होती, म्हणजे जिवंत पेशींसारखाच त्याचा रंग बदलत होती, आणि एक पायरी वाचवण्यासाठी मी जंत न धुता, अर्काचा अंश उरलेल्या त्याच वाटीत एमटीटी ओतत आले होते. तीन महिन्यांची आकडेवारी मी लाल शाईने आडवी रेघ मारून रद्द केली. त्यानंतर प्रत्येक जंत तीनदा धुऊन नव्या नळीत गेला आणि सोबत तीन नळ्या कायम राहिल्या: जंताविना अर्क, अर्काविना जंत आणि उकळत्या पाण्यात मुद्दाम मारलेला जंत.

तुलनेसाठी घेतलेल्या चित्रकाने वेगळाच धडा दिला. त्याच्या मुळातले पिवळे प्लंबॅजिन जंताला इतक्या झटपट मारते की पहिल्या दिवशी मी हर्षभरित झाले होते, परंतु तेच व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर) टाकल्यावर पेशीही तशाच मेल्या. चित्रकाच्या मुळाने कातडीवर फोड येतात, हे जाणकार वैदूला पेशी न वाढवताही माहीत असते. निर्गुडी पेशींच्या बाबतीत सौम्य निघाली, पण अर्क वेगवेगळ्या द्रावकांत विभागत नेला तसा त्याचा परिणाम वाढण्याऐवजी सगळ्या भागांत थोडा थोडा विखुरला. कोणा एका संयुगाकडे बोट दाखवणे मला जमले नाही आणि प्रबंधात मी तसेच लिहिले. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच पानावर बोट ठेवून चाळीस मिनिटे प्रश्न विचारले आणि शेवटी प्रबंध दुरुस्तीविना मान्य केला.

पदवी मिळाल्यावर आत्याने विचारले, “मग आता निर्गुडीचा काढा घेऊ का?” मी नको म्हटले. तिच्या पायातले जंत बहुधा केव्हाच मेलेले असतील. जी सूज उरली आहे ती निकामी झालेल्या लसिकावाहिन्यांची आहे आणि कोणताही अर्क ती उतरवणार नाही. रोज साबणाने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करणे, भेग दिसली की मलम लावणे आणि निजताना पाय उशीवर ठेवणे, एवढे मी तिला करून दाखवले. तापासह लाल होऊन पाय ठणकण्याची तिची पाळी पूर्वी पावसाळ्यात दोन-तीनदा येई, गेल्या पावसाळ्यात एकदाच आली. पाल्याचा शेक मात्र ती अजून देते, आणि तो फार गरम नसला तर मी काही म्हणत नाही.