२० मे : तीन पेट्या आणि न काढलेला मध

जागतिक मधमाशी दिन. सकाळी साडेसहाला जाळी चढवून परसात गेलो तर शेजारची पोरं कुंपणापाशी हजर. "काका, आज मध काढणार ना?" वाट्याही आणल्या होत्या.

आमच्या जावळीत या तारखेला जांभळाचा फुलोरा उरकलेला असतो, झाडाखाली जांभळं पडायला लागतात. वळीव दोनदा येऊन गेला.

पेटी १ : जोरात. मधकोठीत चार चौकटी वरून मेणाने बंद. खाली पिलाव, म्हणजे अंडी-अळ्यांची घरं, भरगच्च. राणी दिसली नाही, शोधलीही नाही. पोळ्यातल्या घराच्या तळाशी उभं अंडं दिसलं की राणी काल-आज तिथून गेलीय, एवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी अंडं आडवं होतं.

पेटी २ : इथे माझी चूक. एप्रिलमध्ये हावरेपणाने दुसरी मधकोठी (मध साठवायचा वरचा मजला) चढवली. माश्या थोड्या, पोळी जास्त, आणि रिकाम्या पोळ्यांवर मेणकिडा बसला. चौकट उजेडात धरली तर घरांच्या आरपार पांढुरकी जाळी आणि तळपाटावर खसखशीएवढी बारीक काळी विष्ठा. सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव माशी, हे फार दिवस सहन करत नाही, सरळ पेटी सोडून जाते. दोन पोळी कापून टाकली, जादा कोठी उतरवली, तळपाट खरवडून उन्हात ठेवला. आठवडाभर थांबून बघतो.

पेटी ३ : फेब्रुवारीत पकडलेली गर्दी, म्हणजे जुनं घर सोडून निघालेला माश्यांचा थवा. नरांच्या घरांची टोपणं वर आलीत आणि प्रत्येकाच्या मधोमध बारीक भोक. पोरांतली धाकटी म्हणाली, "काका, कुणी सुई टोचली?" कुणी नाही, सातेरीच्या नरांचं टोपण असंच असतं. मेलिफेरा ही युरोपीय माशी पाळणाऱ्यांना हे बघायला मिळत नाही.

मग पोरांना २० मे का, ते सांगितलं. अँटोन यांशा हा स्लोव्हेनियाचा मधपाळ. जन्मतारीख नक्की माहीत नाही, पण २० मे १७३४ ला त्याचा बाप्तिस्मा झाला. चित्रकला शिकायला व्हिएन्नाला गेला आणि ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेझा राणीच्या पदरी मधमाशीपालनाचा शिक्षक झाला. स्लोव्हेनियाने ठराव आणला, संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केला, आणि पहिला दिवस २०१८ ला साजरा झाला.

तारीख त्यांच्या हवामानाची आहे. तिकडे मे म्हणजे फुलांचा सुकाळ. आपल्या घाटात पुढे मृग, मग सलग पाऊस, आणि माशीला बाहेर पडायची सोय नाही. साखरपाक पाजून वसाहत तगते हे खरं, पण आपणच आधी मध काढून घ्यायचा आणि मग साखर पाजायची, हे मला दरवर्षी खटकतं. म्हणून यंदा पेटी १ च्या चारही चौकटी जिथल्या तिथे ठेवल्या.

पोरांचे चेहरे पडले. शेवटी पेटी २ च्या कापलेल्या पोळ्याच्या वरच्या टोकाला बोटभर जुना जांभळाचा मध निघाला, किड्याने न शिवलेला. काळसर, शेवटी जिभेवर तुरट. तीन वाट्यांत तेवढाच वाटला.

पेट्यांच्या स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांतलं पाणी आटलं होतं आणि लाल मुंग्या एका पायावरून चढायला लागल्या होत्या. वाट्या भरल्या, वर थोडं जळकं तेल सोडलं. उद्या पत्र्याचं छप्पर दोरीने बांधायचंय.