ईटन हॉल, १९५५: मनोरा उभा राहिला, आता कॅडेट

घंटाघराचा मनोरा अखेर पूर्ण झाला. मूळ मनोरा सुमारे ५३ मीटर, म्हणजे १:७२ मापात ७४ सेंटिमीटर. त्याच्या पायाशी उभा राहणारा कॅडेट, म्हणजे अधिकारी व्हायला शिकणारा पोरगा, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. या डायोरामात, म्हणजे छोट्या मापात उभ्या केलेल्या देखाव्यात, मला नेमकं हेच दाखवायचंय: ड्यूकच्या एवढ्या थोरल्या वाड्यापुढे कवायत करणारी अठरा-एकोणीस वर्षांची साधी पोरं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. इंग्लंडच्या चेशर परगण्यातला ईटन हॉल हा ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचा वाडा, १८७० ते १८८२ या काळात आल्फ्रेड वॉटरहाऊसने गॉथिक थाटात बांधलेला. महायुद्धात डार्टमथच्या नौदल कॉलेजवर बॉम्ब पडले, तेव्हा तिथले कॅडेट इथे हलवले होते. ते गेल्यावर १९४६ मध्ये भूदलाचं ऑफिसर कॅडेट स्कूल आलं आणि १९५८ पर्यंत चाललं. सक्तीच्या लष्करी सेवेत भरती झालेल्यांतून पायदळाचे अधिकारी मुख्यतः इथे घडत. तोफखाना आणि रणगाड्यांसाठी अल्डरशॉटला मॉन्स स्कूल होतं.

मला या शाळेचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते वेळेच्या हिशेबाचं. १९४९ मध्ये सक्तीची सेवा दीड वर्षाची होती, कोरियाच्या युद्धामुळे १९५० मध्ये ती दोन वर्षांची झाली. त्यातून सुरुवातीचं शिपाई-प्रशिक्षण आणि निवड मंडळ वजा करा, मग इथले सुमारे चार महिने वजा करा. उरलेल्या जेमतेम दीड वर्षात हा सेकंड लेफ्टनंट मलायाच्या जंगलात, केनियात किंवा सायप्रसमध्ये तीसेक माणसांची प्लाटून सांभाळणार! त्यातले कितीतरी जवान त्याच्याहून वयाने मोठे. एवढा भरवसा इतक्या कमी वेळात एखाद्या पोरावर टाकायचा, ही साधी गोष्ट नाही.

ते निवड मंडळ आपल्याकडच्या एसएसबी (सैन्याचे अधिकारी निवडणारं मंडळ) दिलेल्यांना लगेच ओळखीचं वाटेल. नेता न नेमता गटाला काम द्यायचं आणि कोण पुढे होतो ते पाहायचं, ही पद्धत ब्रिटिश सैन्याने १९४२ मध्ये उभारलेल्या मंडळांतली. आपली एसएसबी त्याच मुळातून आली.

आता आकृत्यांकडे. अख्खा वाडा टेबलावर मावणार नाही, म्हणून मनोरा, पुढचं आवार आणि ह्यू लूपस या जुन्या सरदाराचा, शिल्पकार वॉट्सने घडवलेला अश्वारूढ पुतळा एवढंच घेतलंय. मनोऱ्याला आतून सनबोर्ड (हलका फोमचा पुठ्ठा), वरून प्लास्टिक शीट. दगडांचे सांधे सुईने कोरले आणि पातळ करड्या रंगाचा वॉश दिला. वॉश सांध्यात उतरल्यावर पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर सगळी भिंत मळकट दिसते.

कॅडेटसाठी महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळाच्या प्लास्टिक आकृत्यांचे सेट चालतात. लोकरी बॅटलड्रेस तोच, ली-एनफील्ड रायफलही तीच. बदलायचं ते डोकं. हेल्मेट तासून टाकलं आणि एम-सीलची मोहरीएवढी गोळी चपटी करून उजव्या कानाकडे ओढली की बेरे, म्हणजे मऊ चपटी लष्करी टोपी, तयार. एम-सील घट्ट व्हायच्या आत टाचणीच्या टोकाने कडेचा पट्टा दाबून घ्यायचा. रंग गडद निळा, पण काळ्याकडे झुकू देऊ नका. अंगावर खाकी मॅट, बुटांच्या फक्त टोकाला ग्लॉस वार्निशचा एक थेंब. घासून घासून आरशासारखे केलेले ते बूट या मापात तेवढ्या एका थेंबाने उठून दिसतात.

कवायत शिकवायला गार्ड्स पलटणींचे सार्जंट असत. त्यांच्या टोपीची झाप थेट डोळ्यांवर उतरलेली असते, त्यामुळे समोरचं बघायला मान ताठ ठेवावीच लागते. ती झाप मी सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची केली. प्लास्टिकची फार जाड दिसत होती.

वाडा १९६१ ते १९६३ मध्ये पाडला. प्रार्थनागृह आणि हा मनोरा मात्र अजून उभे आहेत, त्यामुळे मनोऱ्यासाठी आजचे रंगीत फोटो मिळतात. पुढच्या नोंदीत पुतळ्याचा घोडा. ब्राँझवरचा हिरवट गंज ब्रशने द्यावा की स्पंजने, कुणी करून पाहिलं असेल तर जरूर सांगा. घोड्याला प्रायमर मारून ठेवलाय.