पांढऱ्या रेघांच्या मागे

शुक्रवार, रात्री. सँड फ्लॅट्स, मोआब

डेन्व्हर ते मोआब, म्हणजे यूटाच्या वाळवंटातलं सायकलवाल्यांचं गाव, साधारण साडेपाचशे किलोमीटर. त्यातला पहिला निम्मा भाग रॉकीज चढण्या-उतरण्यात जातो. 3,400 मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी कानाला दडे बसतात, आणि ग्रँड जंक्शन मागे पडलं की झाडं संपतात. सायकल आत आडवी टाकली होती, पुढचं चाक काढून. बाहेरच्या रॅकवर लावली की मी सारखी आरशात बघत बसते.

फ्रूटा गावात पाण्याचे कॅन भरून घेतले, कारण इथल्या कॅम्पवर नळच नाही. शेजारच्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर माणशी दिवसाला किमान चार लिटर धरायला सांगतात. मी सहा धरते. खिचडीला लागतं, भांडं विसळायला लागतं, आणि ऑक्टोबर असला तरी दुपारचं ऊन पाठीला चांगलंच लागतं.

हायवे सोडून 128 नंबरचा रस्ता धरला, कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने जाणारा. वाटेत ड्यूईचा जुना झुलता पूल लागतो, म्हणजे लागायचा. 1916 मध्ये बांधलेला हा पूल 2008 साली जळाला. एक लहान मूल काड्यापेटीशी खेळत होतं, गवत पेटलं, आग पुलाच्या लाकडी फळ्यांपर्यंत आली. आता मनोरे आहेत आणि मधे नुसते दोर. गाडी थांबवून पाच मिनिटं बघत उभी राहिले. मागून कुणी हॉर्न वाजवायला नव्हतंच.

रात्री नऊला धाकट्याला मेसेज टाकला. निफाडला तेव्हा सकाळचे साडेआठ. त्याचा प्रश्न नेहमीसारखा मुद्द्याचा: ‘ताई, उद्या तुझा मेसेज आला नाही तर मी फोन कुणाला करायचा?’ ग्रँड काउंटीच्या शेरिफचा नंबर आणि कोणत्या वाटेवर असेन ते कळवलं. आई असती तर ‘एकटीच कशाला गेलीस?’ इथून सुरुवात झाली असती.

शनिवार

सकाळी टायर तपासताना मागच्या चाकात तीन सराटे. काल गावात, पंपाच्या कडेला घुसलेले असणार. शेतात अनवाणी फिरताना टाचेत मोडायचा तोच हा सराटा, दोन शिंगांचा. आपल्या बाजूच्या खंडांतून कधीतरी इकडे अमेरिकेत आला आणि असा माजला की 1961 मध्ये त्याला खाणारे भुंगे मुद्दाम आणून सोडावे लागले. भुंग्यांनी काय केलं ते माझ्या टायरवरून दिसतंच आहे. ट्यूबलेस असल्यामुळे काटा उपटला की आतला सीलंट फसफसून बाहेर येतो आणि भोक बुजतं. चाक दोनदा गरगर फिरवलं, काम झालं.

मग स्लिकरॉक.

ही वाट 1969 मध्ये मोटरसायकलवाल्यांनी आखली. सायकलवाले बऱ्याच नंतर आले, आणि मोटरसायकली अजूनही चालतात. वाट म्हणजे काय, तर उघड्या दगडावर थोड्या थोड्या अंतराने मारलेल्या पांढऱ्या रेघा. माती नाही, पायवाट नाही. हा नवाहो वालुकाश्म. ज्युरासिक काळात इथे वाळूच्या प्रचंड टेकड्या होत्या, त्यांचाच दगड झाला. वाऱ्याने वाळू कशी तिरकी रचली ते थर अजून दगडात दिसतात, आणि त्यांच्यावरून आपण सायकल घालतो. वाळवंट तेव्हाही, वाळवंट आताही.

टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड अशी बसते, की इतका उभा चढ कागदावर दाखवला तर हसायला येईल. दगड खरखरीत, पॉलिशपेपरसारखा. चढताना सर्वांत हलका गियर, सीटच्या टोकावर सरकायचं, छाती हँडलला टेकवायची. इतकं करूनही पुढचं चाक उचललं गेलं की संपलं. ठिकठिकाणी दगडावर रबराचे काळे पट्टे आहेत. ते मी आता वाचायला लागलेय. पट्टा सरळ वर गेला असेल तर लोक चढून जातात. मधेच वाकडा होऊन फराटा उमटला असेल, तर तिथे बरेच जण पडलेत.

अशा एका ठिकाणी उतरले आणि सायकल ढकलत वर नेली. ग्रुपमध्ये असते तर मारलाच असता तो चढ, आणि बहुधा गुडघाही फोडून घेतला असता. एकटीने यायचं मला आवडतं ते यासाठी. लोकांना वाटतं एकटं फिरणं म्हणजे मोकळं सुटणं. निदान वाळवंटात तरी ते उलटं आहे. पाणी मोजून प्यायचं, परतायची वेळ ठरलेली, आणि रेघ सोडायची नाही. शहरात मी यातलं काहीही पाळत नाही.

रेघ सोडायची नाही याला आणखी एक कारण आहे. दगड संपतो तिथे काळपट, खडबडीत माती दिसते, जळाल्यासारखी. गुडघ्यावर बसून पाहिलं, तर बारीक बारीक उंचवटे, मधे शेवाळाचे ठिपके आणि कडेला एक बुटाचा ठसा. ही माती जिवंत असते. सायनोबॅक्टेरियाचे चिकट धागे वाळूचे कण धरून ठेवतात, पाणी अडवतात, नायट्रोजन मातीत आणतात. एक पाऊल पडलं की ती पुन्हा धरायला कित्येक दशकं जातात. तो ठसा कुणाचा कोण जाणे, लघवीला आडोशाला गेलेल्या कुणाचा तरी असणार. मी आले तशीच मागे दगडावर सरकले.

रविवार

डेड हॉर्स पॉइंट. वाट सोपी, डोकं रिकामं ठेवून चालवण्यासारखी. कड्यावरून नदी सहाशे मीटर खाली, आणि पलीकडे लाल मातीत मधेच भडक निळी तळी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती खरीच वाटत नाहीत. ही पोटॅशची बाष्पीभवनाची तळी. नदीचं पाणी जुन्या खाणीत सोडून क्षार विरघळवतात, ते वर काढून उन्हात वाळवतात. ऊन जास्त शोषलं जावं म्हणून पाण्यात निळा रंग मिसळतात. खूप लोक त्या तळ्यांवर नाक मुरडतात, देखावा बिघडला म्हणे. शेतकऱ्याच्या घरातलीला ते जमत नाही. आपल्याकडे पोटॅश जवळजवळ सगळं परदेशातूनच येतं, आणि गोणीच्या भावावरून घरी झालेली भांडणं मी ऐकलेली आहेत. भावाला फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘तिथे काय भाव आहे विचार.’

उद्या पोर्क्युपाइन रिम. ती वाट थेट 128 च्या रस्त्यावर उतरते, त्यामुळे वर जायला शटल घेतलंय. शेवटचा टप्पा नदीवरच्या कड्याच्या अगदी कडेने आहे, तो चालतच उतरणार. व्हॅनमध्ये माणसं असतील. दोन दिवसांत मी मोठ्याने बोलले ती फक्त सीलंटच्या बाटलीशी, त्यामुळे बिचाऱ्या शेजारच्याला वाटभर ऐकून घ्यावं लागणार आहे.