मी मेल्यावर चालतंय, व्हय?

"कुठला देऊ, निळा की तांबडा?"

मी नुसती पासपोर्टची झेरॉक्स मागितली होती. थोरल्याने कंबरेच्या पाकिटातून दोन पासपोर्ट काढून टेबलावर ठेवले. निळ्यावर अशोकस्तंभ. तांबड्यावर पोर्तुगीज अक्षरांत युरोपियन युनियन आणि खाली पोर्तुगाल. दोन्हींवर फोटो त्याचाच, फक्त तांबड्यावरचा जरा टक्कल पडलेला.

2024 चा मे महिना. लोकसभेचं मतदान चार दिवसांवर आलेलं. आमचा खानापूर तालुका जिल्ह्याने बेळगावचा, पण लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत कारवारला. गावोगाव रिक्षांवर कर्णे लावून प्रचार चाललेला, आणि माझ्या वकिलीच्या ऑफिसात पंखा नुसता गरम वारा ढकलत होता. जांबोटीकडचे एक म्हातारे, त्यांची बायको आणि दोन मुलगे सकाळच्या गाडीने आले होते. म्हाताऱ्यांना अख्खं गाव तात्या म्हणतं, म्हणून मीही तात्याच म्हणतो. तरुणपणी कौलांच्या कारखान्यात माती तुडवून त्यांनी दोन एकर दहा गुंठे भातशेत घेतलेलं. वडिलोपार्जित नाही, स्वतःच्या घामाचं. ते जिवंतपणीच दोघा पोरांना निम्मं निम्मं बक्षीसपत्राने द्यायचं, म्हणजे मागे भांडण नको. दस्त कन्नडमध्ये टाईप होऊन तयार होता. स्टॅम्पचे पैसे भरले होते. दुपारी तीनला सब-रजिस्ट्रारकडे जायचं होतं.

आणि मग तो तांबडा पासपोर्ट.

थोरला दहाएक वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला, स्विंडनला, गोदामात कामाला. तिकडे गोव्याकडचे लोक भरपूर, त्यामुळे कोकणी-मराठी बोलायला कमी पडत नाही म्हणाला. गेला कसा, तर आईच्या जोरावर. काकूंचं माहेर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाट उतरला की. जन्म 1953 चा. तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य. वाळपईला जन्माची नोंद पोर्तुगीज भाषेत झालेली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आजही आपलं मानतो. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून घेता येते आणि त्या आधारावर मुलांनाही तिकडचं नागरिकत्व मागता येतं. थोरल्याने एजंट गाठला, आधी आईची नोंद केली, मग स्वतःची. ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगालचा पासपोर्ट म्हणजे इंग्लंडला जायचं तिकीटच होतं.

"निळा परत केला नाहीस?" मी विचारलं.

"कशाला? घरच्या पेटीत होता. आता मतदानाला ओळखपत्र म्हणून चालेल, म्हणून घेऊन आलो."

म्हणजे येताना पोर्तुगीज पासपोर्टवर ई-व्हिसा काढून गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरलेला, आणि आता भारतीय म्हणून मत द्यायला निघालेला. व्हिसाच्या अर्जात जुन्या नागरिकत्वाबद्दल काय लिहिलंस म्हणून विचारलं, तर "एजंटाने भरलं." वकिलीत मला एजंट या प्राण्याचा जेवढा राग येतो तेवढा विरुद्ध पार्टीच्या वकिलाचाही येत नाही.

मी दस्त बाजूला सारला आणि त्यांना सांगायला बसलो. संविधानाचं नववं कलम आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचंही नववंच कलम. आपल्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्या दिवसापासून माणूस भारताचा नागरिक राहत नाही. कुणी नोटीस द्यावी लागत नाही, कुणी नाव खोडावं लागत नाही. निळा पासपोर्ट पेटीत राहिला तरी त्याच्यात जीव राहत नाही. उलट तो जवळ ठेवणं हाच गुन्हा. आणि मर्जीने घेतलं की नाही, हे कसं ठरवायचं? नियम सांगतो, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढला की तोच पुरावा, पुढे बोलायला जागा नाही. हा नियम अन्यायाचा आहे म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले होते. 1962 साली कोर्टाने नियम उचलून धरला.

तात्यांना हे पटेना. त्यांचा मुद्दा खरं तर बिनतोड होता.

"माझी नात कोल्हापूरला इंजिनिअरिंगला हाय. सीमाभागातली म्हणून महाराष्ट्राच्या कोट्यातून शीट मिळाली. मत आम्ही कर्नाटकात घालतो, रेशन कर्नाटकचं. मग ते कसं चालतंय?"

मी हसलो, पण हसण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे माणूस दोन दाखल्यांवर वाढतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेली 865 गावं, त्यातल्या मराठी पोरांना तिकडच्या कॉलेजांत राखीव जागा. हातातला उतारा कन्नडमध्ये, घरातली पत्रिका मराठीत. 1956 पासून आम्ही एका राज्यात राहून दुसऱ्या राज्याचे म्हणवतो, आणि त्यावरचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यामुळे 'एक कागद इथला, एक कागद तिथला' यात तात्यांना काही वावगं वाटत नव्हतं. पोर्तुगाल म्हणजे जरा लांबचा महाराष्ट्र.

फरक सांगायला मला थोडा वेळ लागला. अमेरिकेत माणूस देशाचाही नागरिक असतो आणि राज्याचाही. आपल्याकडे राज्याचं नागरिकत्व ही चीजच नाही. कर्नाटक काय, महाराष्ट्र काय, नागरिक एकाच देशाचा. राज्य रहिवासाचा दाखला देईल, कोटा देईल, भाषेवरून भांडेल. पण तात्या बेळगाव जिल्ह्यात राहून महाराष्ट्राच्या बाजूने घोषणा देतात म्हणून त्यांचं काही जात नाही. देशाच्या बाबतीत मात्र दुसरं आलं की पहिलं जातं. पोर्तुगालला दोन चालतात, इंग्लंडलाही चालतात. आपल्याला चालत नाहीत.

"मग ते ओसीआय?" धाकट्याने विचारलं. तो आतापर्यंत गप्प होता. "त्यात सिटिझन हाय न्हवं?"

नावात आहे, कामात नाही. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने आमच्यासारख्या तालुक्याच्या वकिलांचा फार वेळ खाल्ला. ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि वर काही सवलती. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही.

इथे तात्या सावध झाले. "बक्षीस म्हणून न्हाई?"

"नाही. परकीय चलनाचा कायदा आहे, फेमा, 1999 चा. परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत नाही, बक्षीस नाही. हा दस्त आज केला तर तो बेकायदेशीर होईल."

"आणि मी मेल्यावर?"

"वारसाने मिळू शकते. इथे राहणाऱ्या माणसाकडून वारसाने आलेली जमीन तो ठेवू शकतो. पुढे विकली तर मात्र इथेच राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी जित्ता असताना पोराला हाताने द्यायचं न्हाई, आणि मी मेल्यावर चालतंय, व्हय?"

कायद्यात त्याला कारण आहे, आणि मी ते सांगूही शकलो असतो. जमिनीचा व्यवहार ही एक गोष्ट आणि वारसा ही दुसरी. पहिला माणूस ठरवून करतो, दुसरा मरणाने होतो. पण समोर बसलेल्या माणसाला हे वाक्य सांगायचं धाडस झालं नाही. मी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत काकू बोलल्या नव्हत्या. कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आणि माझं काय? माझं पण नाव तिकडं घातलंय म्हणे."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"सही कर म्हणाला, केली."

थोरल्याने मान खाली घातली.

मुक्तीच्या वेळी काकू आठ वर्षांच्या होत्या. मार्च 1962 मध्ये सरकारने आदेश काढला, की गोव्यात जन्मलेले सगळे 20 डिसेंबर 1961 पासून भारताचे नागरिक. ज्यांना जुनंच नागरिकत्व ठेवायचं असेल त्यांनी महिन्याच्या आत लेखी सांगावं. काहींनी सांगितलंही. मोंतेरो नावाच्या एका पाद्र्यांनी पोर्तुगीज राहणं पसंत केलं, राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावरही ते गोव्यातच राहिले, खटला झाला, आणि 1969 मध्ये सुप्रीम कोर्टात ते हरले. जन्मभूमीत परदेशी म्हणून शिक्षा झालेला माणूस. सत्तरीतल्या आठ वर्षांच्या पोरीने अर्थातच काही लिहून दिलं नव्हतं. भारताने तिला आपली म्हटलं. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं राज्यच 1974 च्या कराराने मान्य केलं, आणि तरी तिला आपली म्हणणं सोडलं नाही. मधल्या काळात ती घाट चढून लग्न करून आली, भात लावलं, काजू गोळा केले, दोन पोरं वाढवली. दोन देशांपैकी एकानेही तिला विचारलेलं नव्हतं.

लिस्बनमधल्या नुसत्या जन्मनोंदीने भारताचं नागरिकत्व जातं का, यावर गोव्यात आमदारांपर्यंत वाद पोचले. मी काकूंना माझं मत सांगितलं: तुम्ही तिकडचा पासपोर्ट घेतला नाही, तिकडचं ओळखपत्र घेतलं नाही, तेव्हा घाबरायचं कारण मला दिसत नाही. यापुढे मात्र कुणी सही कर म्हटलं की आधी माझ्याकडे यायचं. मग पोराने म्हटलं तरी.

"मत घालू का?"

"तुम्ही घाला की. यादीत नाव आहे तुमचं." मग थोरल्याकडे वळून म्हणालो, "तू नको. यादीतलं नाव कमी करायला अर्ज दे. मतदान केलंस तर नवं लचांड होईल."

थोरल्यापुढचं काम मी कागदावर लिहून दिलं. निळा पासपोर्ट जमा करणं, दंड भरणं, मग ओसीआयचा अर्ज.  भारतीय पासपोर्ट रद्द झालेल्यांना ओसीआय कसं मिळणार, यावर गोव्यात वर्षभर ओरड चाललेली. ओसीआय हातात आलं की गावठाणातलं राहतं घर बापाकडून बक्षीस घेता येईल. शेत नाही.

तीन वाजून गेले होते. सब-रजिस्ट्रारकडून दोनदा फोन येऊन गेला. तात्यांनी कन्नड दस्त उचलला. वाचता येत नसताना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नजर फिरवली.

"याचा स्टॅम्प वाया जाणार?"

"परत मागायला अर्ज करता येतो. थोडे कापून देतात."

"त्यापेक्षा सगळं धाकट्याच्या नावाने होतंय काय आजच?"

थोरला आईकडे बघत राहिला. धाकट्याने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि बापाच्या हातातला दस्त घेऊन घडी घातली.

"उतारा हाय तसाच राहू दे तात्या," तो म्हणाला. "पाच वाजता शेवटची गाडी हाय. आणि काजू वाळत टाकलेत अंगणात, आभाळ आलंय."