पत्र्याच्या पेटीतली फाइल

लहानपणी खेळता खेळता मी मध्येच उकिडवी बसत असे. ओठ निळसर पडलेले, छाती भात्यासारखी हलणारी, आणि थोड्या वेळाने पुन्हा उठून पळायला तयार, असे माझे वर्णन आई अजूनही करते. गुडघे पोटाशी घेतले की पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडसर होतो आणि थोडे अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयदोष घेऊन जन्मलेल्या मुलांना ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली या दोषाचे सविस्तर वर्णन केले. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, एवढे त्यातले मुख्य.

सहाव्या वर्षी मुंबईत माझी शस्त्रक्रिया झाली आणि घरी सोडताना डॉक्टर आईला म्हणाले, ‘आता मुलगी पूर्ण बरी झाली.’ ते वाक्य आईने देवाच्या प्रसादासारखे जपले. फाइल पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या तळाशी गेली. छातीवरच्या उभ्या व्रणाबद्दल कोणी विचारले, तर ‘न्यूमोनियात पाणी काढले होते’ असे सांगायचे ठरले, कारण मुलीची जात, पुढे स्थळे बघायची होती. आईला मी दोष देत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या हृदयाबद्दल बोलणे आमच्या घरात बंद झाले, आणि तब्बल एकवीस वर्षे मी कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाकडे गेले नाही.

दुरुस्त झालेले हृदय आणि बरे झालेले हृदय यांत फरक असतो, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळले. अरुंद वाट रुंद करताना तिथली झडप पुष्कळदा गळकी होते, उजवा कप्पा वर्षानुवर्षे जास्तीचे रक्त झेलत ताणला जातो, ठोक्यांची लय बिघडू शकते आणि कधी झडप नव्याने बसवावी लागते. म्हणून तपासणी आयुष्यभर करायची असते. लोकलमध्ये एकदा छातीत धडधडले आणि मी दादरला उतरून बाकावर बसून राहिले, तेव्हा यातले काहीच मला ठाऊक नव्हते. पुढे चोवीस तास होल्टर, म्हणजे ठोक्यांची नोंद घेणारे छोटे यंत्र, लावला, त्या दिवशीची धडधड भीतीची निघाली. परंतु भीतीची धडधड आणि बिघडलेल्या लयीची धडधड आतून सारखीच जाणवते. छाती उघडलेल्या माणसाला ‘उगाच घाबरू नकोस’ असे सांगणाऱ्यांना ही अडचण सहसा समजत नाही.

जन्मजात हृदयदोष घेऊन मोठे झालेल्यांच्या जगण्यावरचा एक मोठा अभ्यास मी नंतर वाचला. पंधरा देशांतल्या चार हजारांहून अधिक प्रौढ रुग्णांना आपल्या जगण्याची प्रत शून्य ते शंभर या रेषेवर दाखवायला सांगितले होते. एकंदरीत गुण चांगले होते, ऑस्ट्रेलियात सर्वाधिक आणि जपानमध्ये सर्वांत कमी. भारतातले सहभागी चेन्नईच्या एका केंद्रातले होते. मला एक खोच दिसते: हे सारे केंद्रांत येणारे लोक, ज्यांच्या फायली पेट्यांत पडून आहेत, त्यांचे गुण त्यात कोण धरणार? ज्यांना नोकरी नव्हती, ज्यांचे लग्न कधी झाले नव्हते, ज्यांना थोड्या श्रमानेही धाप लागत होती, त्यांनी स्वतःला कमी गुण दिले होते. आमच्या घरी आजार लपवला गेला तो नेमका नोकरी आणि लग्न यांसाठीच. एका अर्थी आईचा हिशेब चुकलेला नव्हता. त्याची किंमत मात्र तिने धरली नव्हती.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांची ‘सुसंगतीची जाणीव’ बळकट होती, त्यांना आपले जगणे अधिक चांगले वाटत होते. ही कल्पना आरोन अँटोनोव्हस्की या समाजशास्त्रज्ञांची: जे घडते आहे ते समजते, ते पेलता येते आणि त्याला काही अर्थ आहे, असे माणसाला वाटणे. माझे घोडे पहिल्याच पायरीवर अडले होते. जे बोलायचेच नाही, ते समजणार कसे?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली याच विषयावर निवेदन काढून, जन्मजात हृदयदोषाच्या उपचारांत मानसिक आरोग्याची काळजीही सामील असावी, असे म्हटले. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याचा आरंभ २०१३ साली पालघरमधून झाला, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांतले हे दोष शोधतो, आणि ते काम फार मोलाचे आहे. एकोणिसाव्या वर्षी ते मूल कोणाचे, हे मात्र ठरलेले नसते. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टरांनी टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहावा की झोप लागते का ते विचारावे, हे मला समजते. तरीही दहा वर्षांत तो प्रश्न मला एकदाच विचारला गेला, आणि तोही नव्याने रुजू झालेल्या एका निवासी डॉक्टर मुलीने. मी तिला खरे उत्तर दिले. तिने समुपदेशकाकडे पाठवले.

गेल्या दिवाळीत आईने स्वतःहून पेटी उघडली. कागद पिवळे पडले होते, पण कोणता पॅच, म्हणजे ठिगळ, कुठे लावला हे त्यात स्पष्ट लिहिलेले होते, जे माझ्या डॉक्टरांना इतकी वर्षे अंदाजाने ठरवावे लागत होते. मी एकेका पानाचा फोटो काढत असताना ती शेजारी बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, ‘तुझ्या सासूबाईंना मीच सांगते.’ त्यांना मी लग्नाआधीच सांगितले होते, हे तेव्हा तिला पहिल्यांदा कळले.