करवलीचा जोधपुरी

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यात एप्रिल-मे म्हणजे नुसत्या तिथी. वावरं रिकामी असतात, कापूस-तूर विकून हातात चार पैसे असतात, त्यामुळं ऊन ४५ ला टेकलं तरी लोकं लग्नं काढतातच, आणि आम्हा टेलर लोकांचं वर्षाचं गणित ह्या दोन महिन्यांवर बसतं. माझं दुकान स्टेशन रोडला आहे, म्हणजे शकुंतला ही छोट्या लाईनीची गाडी धावायची तेव्हाचं स्टेशन, आता गाडी बंद पण रोडचं नाव तेच. पुढं मी गेंट्सचं शिवतो, पडद्यामागं बायको ब्लाऊज आणि पिको-फॉल करते. त्याशिवाय लग्नात जाऊन फेटे बांधायचं काम पण घेतो, कारण खरं सांगायचं तर नवरदेवाचा सूट आमच्या हातून कधीच गेला, आता सगळे भाड्याची शेरवानी आणतात, एका दिवसाची, आतून मागच्या नवरदेवाच्या घामाचा वास येतो पण फोटोत येत नाही म्हणून चालून जाते.

म्हणून मागच्या सीझनला एक पोरगी वांगी कलरचं सव्वातीन मीटर सुटिंग घेऊन आली आणि म्हणाली मास्तर जोधपुरी, म्हणजे बंद गळ्याचा कोट, शिवायचा आहे पॅन्टसकट, तेव्हा मी एकदम खूष. विचारलं, भावासाठी का, माप आणलं का त्याचं.

"भावाची शेरवानी भाड्यानं आणली. हा माह्यासाठी."

पोरगी ओळखीची होती. महावितरणमध्ये टेक्निशियन आहे, बेल्ट लावून पोलवर चढते, पाऊस-वारा सुटला की अर्ध्या गावाचे फोन तिलाच. रोज पॅन्ट-शर्टातच असते आणि त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढला नाही. पण भावाच्या लग्नात ती करवली, आणि रिसेप्शनला तिला जोधपुरी घालायचा होता. मी म्हटलं काऊन गं, तर म्हणाली, "साडीत मले सारखं वाटते का मी दुसऱ्या कोणाचे कपडे घालून बसली. लग्नात नेसतो साडी, आईले शब्द देल्ला हाये. रिसेप्शनले हा." एवढंच. मी अजून काही विचारलं नाही, गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा काऊन विचारणारा टेलर मला स्वतःलाच आवडत नाही.

माप बायकोनं घेतलं, पडद्यामागून ओरडून सांगत होती आणि मी वहीत लिहीत होतो, छाती ३६, कंबर ३०, सीट ३९, शोल्डर साडेचौदा. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गेंट्सचा कोट सरळ पाटीवर बेततात, छातीला उभार नसतो. इथं छातीला उभार, कंबर बारीक आणि सीट रुंद. गेंट्सचा खाका लावला असता तर छातीवर ताण आणि कमरेत झोळ आला असता, सीटवर तर मागचे कट उघडे पडले असते. मग बायको बसली माझ्यासोबत, प्रिन्सेस कट तिनंच आखून दिला, म्हणजे मुंढ्यातून खाली खिशापर्यंत जाणारी, कपडा अंगाला बसवणारी शिलाई. मी म्हणत होतो साधे टक्स मारू, तिनं ऐकलं नाही, आणि बरं झालं नाही ऐकलं. आतून बकरम, पूर्ण अस्तर, बाजूच्या शिलाईत माया थोडी जास्त ठेवली.

एकच प्रश्न राहिला होता, बटणं. गेंट्समध्ये काज डाव्या पल्ल्यावर आणि बटण उजव्यावर असते, लेडीजमध्ये उलटं. मी विचारलं कोणत्या बाजूनं लावू, तर ती म्हणाली युनिफॉर्मचा शर्ट गेंट्सचाच आहे, हात त्यालाच बसला, तसंच ठेवा. इतकी साधी गोष्ट. पुढं ह्याच बटणांवरून दोन बायांनी खुर्चीवर बसून पाऊण तास चर्चा केली, ते येईलच.

तिच्या आईचा पण फोन आला मधात. मला वाटलं आता रद्द करायला सांगते. पण बिचारी हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, कोट दोन इंच लांब ठेवजा नं, पोरीचं झाकलं राह्यलं पायजे." मी पोरीला सांगितलं की आई असं म्हणते, ती हसली, ठेवा म्हणाली. वाढवला.

बातमी फुटली काज-बटणवाल्याकडून. म्हणजे त्यांनी काही चुगली नाही केली, कोट टेबलावर पडलेला होता आणि कोणीतरी विचारलं हा छाती फुगलेला कोट कोणाचा. ते काका वयस्कर, बौद्ध वस्तीतले, ते मला म्हणाले की कपड्यावरून बोंबाबोंब आजची नाही मास्तर. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं की ओळखू यावं असं लुगडं नेसू नका, गळ्यातले-हातातले ते जाड दागिने टाका, वरच्या लोकांच्या बाया नेसतात तसं नेसा, आणि ह्या काकांच्या आजीनं ते ऐकून लुगडं खाली सोडलं तेव्हा आटा दळायला गेली तरी लोकं टोमणे मारायची. "आता पाहा, कोणाले आठवते का," म्हणाले आणि काज करत बसले.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिचे मोठे काका दुकानात. भर दुपारी, स्कूटर बंद न करताच.

"मास्तर, थो कोट देऊ नोको तिले. सांग मशीन बिघडली. लगन झाल्यावर देजो. तुह्यं नुसकान मी भरून देतो."

मी म्हटलं, "काकाजी, पावती तिच्या नावाची हाये, अ‍ॅडव्हान्स तिनं देल्ला. तुमाले देऊन थो तुमच्या अंगात थोडीच बसणार हाये."

"मजाक नोको करू. करवली हाये थे, बँडवाली नाई. चार गावचे सोयरे येऊन राह्यले. आपली काही रीत हाये का नाई? संस्कृती हाये का नाई?"

आता हे बोलत असताना काकांच्या अंगात काय होतं, तर सफारी. माझ्या वडिलांनी शिवलेला. आणि वडील सांगायचे ती गोष्ट मला चांगली पाठ आहे, की ह्याच काकांनी तरुणपणी गावात पहिला सफारी घातला तेव्हा त्यांच्या धोतर-बंडीवाल्या बापानं भर पंगतीत विचारलं होतं, तहसीलदार साहेब कोणीकडून आले म्हणून, आणि हे पानावरून उठून गेले होते. माझ्या जिभेवर आलं होतं ते सगळं. पण गिऱ्हाईक जुनं, आणि ऐन सीझन. म्हटलं कपडा ज्याचं माप त्याला जाईल, बाकी घरचं तुम्ही घरी पाहा. ते गेले. जाताना "बह्याड झाले सारे" असं मला म्हणाले की जगाला ते कळलं नाही.

रिसेप्शन नवरदेवाच्या गावी, शाळेच्या मागच्या मैदानात, बाजूला दोन मोठे कूलर, आलू-वांग्याचा खमंग वास, बुंदी, मठ्ठा, सगळं जसं असते तसं. मी संध्याकाळपासून फेटे बांधत होतो. ती आली तेव्हा मी एका पोराच्या डोक्याला गुंडाळत होतो, आणि धंद्याची सवय म्हणून माझी नजर पहिले शोल्डरवर गेली. शोल्डर एकदम बसला होता. कॉलर मानेला चिकटून, पुढं एक पण चुणी नाही, चालताना मागचा कट बंद. केसांचा अंबाडा, कानात आईचे झुमके, पायात मोजडी. खरं सांगतो, त्या मांडवात तिच्यासारखा बसलेला दुसरा कपडा नव्हता. नवरदेवाची शेरवानी खांद्यात उतरलेली, नवरीचा लेहंगा ओझ्यानं खाली ओढत होता आणि दर दोन मिनिटाला तिची बहीण तो वर करत होती. जावई लोकं ब्लेझरमध्ये कूलरसमोरून हलत नव्हते. लेहंगा आपला नाही, शेरवानी आपली नाही, ब्लेझर तर नाहीच नाही, पण त्याच्यावर कोणाला संस्कृती आठवली नाही.

फेटा मी तिला पण बांधला. आणि गंमत पाहा, फेट्याला कोणी काही म्हटलं नाही! कारण आता गुढीपाडव्याच्या यात्रेत बाया नऊवारी-फेटा-गॉगल घालून बुलेटवर बसतात, पेपरात फोटो येतात, त्यामुळं बाईच्या डोक्यावर फेटा चालतो. खाली कोट चालत नाही.

मग सुरू झालं. त्या दोन बाया, सोफ्याच्या मागं, एक म्हणे बटणं पाहा वो उलट्या अंगाची हायेत, दुसरी म्हणे आता हिले कोण करन. तिसरी सरळ तिच्या आईला जाऊन विचारून आली की पोरीची तब्येत ठीक आहे ना. डीजेजवळच्या पोट्ट्यांनी मोबाईल काढले, एक ओरडला, "ओ लाईनमन साहेब, इकडं पाहा." ती थांबली, त्याच्याकडं गेली आणि शांत आवाजात म्हणाली, "तुह्या घरचा आकडा कोणत्या तारेवर हाये थे मले माहीत हाये. काढू का फोटो?" चोरीच्या विजेचं नाव निघताच मोबाईल खिशात गेले. डीजेवाल्यानं पण आवाज कमी केला, त्याला कशाची भीती वाटली देव जाणे.

खरी अडचण आली मानपानाला. आमच्याकडं पद्धत आहे, माईकवर नाव पुकारतात, पुरुषाला दुपट्टा-टोपी आणि बाईची ओटी. माईकवाला करवलीचं नाव घेऊन अडकला. एका ताटात टोप्या, एका ताटात तांदूळ-नारळ-खण, आणि तो दोन्ही ताटांकडं पाहून राहिला. नवरीची आई तांदळाचं ताट घेऊन समोर आली, चांगली बाई, तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण ओटी भरायची तर पदर पाहिजे आणि समोर बंद गळ्याचा कोट, खालपासून वरपर्यंत बटणं. हातात मूठभर तांदूळ घेऊन ती तशीच उभी. पोरीनं दोन्ही हात पुढं केले, तर मागून कोणीतरी म्हणालं, हातात नाई घेत ओटी, भीक हाये का थे. तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. तेवढ्या लोकांच्या गमतीजमतीला ती हसून गेली होती, पण इथं तिला काही सुचेना, आणि मला तर त्या क्षणी कोटाला खालून तीन बटणं उघडी ठेवली असती तर झोळ झाला असता का असले टेलरी विचार सुचत होते.

तिची आजी खुर्चीवर बसली होती, गुडघ्यानं अधू, तिनं बाजूला बसलेल्या नवरदेवाच्या मामाच्या गळ्यातला नुकताच टाकलेला दुपट्टा ओढून काढला आणि पोरीच्या हातावर पसरला. "टाक वो बाई त्याच्यात. इतलं काय पाह्यतं." मामा म्हणे, अवं माय, माहा मान. आजी म्हणाली तुले दुसरा देतीन. तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला, माईकवाल्यानं सुटकेचा श्वास सोडला तो स्पीकरमधून सगळ्यांनी ऐकला.

मोठे काका उठले. "हे नाटकं पाहाले बोलावलं का सोयऱ्याइले" असं म्हणत गाडीत जाऊन बसले आणि जेवायला येत नाही म्हणाले. आता लग्नात कोणीतरी रुसल्याशिवाय लग्न झाल्यासारखं वाटत नाही हे पण खरं. नवरदेव स्वतः गेला, आले नाहीत. माईकवर त्यांच्याच ओळखीचे एक गृहस्थ तेव्हा भाषणात गाडगेबाबांचं नाव घेऊन कर्ज काढून लग्न करू नका सांगत होते, आणि मी फेट्याच्या पट्ट्या आवरत मनात म्हणत होतो, बाबांचं जन्मगाव शेंडगाव इथून किती लांब आहे, अंगात चिंध्यांचं शिवलेलं, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी, डोक्यावर गाडगं, असा माणूस आज ह्या मांडवाच्या दारात उभा राहिला तर आधी त्याला कपडे बदलून ये म्हणतील. शेवटी काकांचं ताट गाडीत पोचवलं, एसी सुरू करून जेवले. बुंदी दुसऱ्यांदा मागवली असं वाढपी पोरगा सांगत होता.

फोटो दोन काढले घरच्यांचे. एक ती नसलेला, काकूच्या आग्रहानं, आणि एक ती असलेला, त्यात काकूनं तिला मागच्या रांगेत उभं केलं म्हणजे नुसता फेटा दिसावा. ती उंच आहे, कॉलर आणि वरची दोन बटणं तरी आलीच. अल्बममध्ये कोणता लावला ते मला अजून समजलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिनं बाकीचे पैसे फोनपे केले. कोट एकदा घालून कपाटात ठेवला नाही, ऑफिसच्या कोणाच्या तरी वाढदिवसाला घातला म्हणे, तिथं पण दोघांनी तोंड वाकडं केलं आणि एका मॅडमनं टेलरचा नंबर मागितला. मोठ्या काकांचे कपडे माझ्याकडं यायचे बंद झाले, बाजूच्या गल्लीत शिवतात, पँटची मोरी वाकडी येते ते बसस्टँडवर मी पाहिलं आहे पण बोललो नाही. काकू मात्र ब्लाऊज बायकोकडंच टाकते, आणि कोटाचा विषय तिनं अजून एकदाही काढला नाही.

त्या मॅडम आल्या, त्यांच्या मागून बारावीतली एक पोरगी आईला घेऊन आली, आईनं दुकानात पाय ठेवायच्या आधी आजूबाजूला पाहिलं. आता घरात वाद दराचा सुरू आहे. बायको म्हणते प्रिन्सेस कटचं काम जास्त आहे, गेंट्सच्या जोधपुरीपेक्षा ३०० जास्त लाव आणि बोर्डवर लिही. मी म्हणतो बोर्डवर लिहिलं तर काका परत येतील स्कूटर घेऊन, तोंडी सांगू. ती म्हणते येऊ दे, प्रिन्सेस कट कोणी आखला ते पण सांग त्याइले.