आयर गोल्ड कप: वजनाने साधलेली बरोबरी

खानापूर-निपाणीकडच्या जत्रांत बैलांची शर्यत लागली की आधी दात बघून वय ठरवतात. आदत (दुधाचे दात असलेला) वेगळा, दुसा (दोन पक्के दात) वेगळा, चौसा (चार पक्के दात) वेगळा. स्कॉटलंडच्या आयर गोल्ड कपात घोड्यांची हीच बरोबरी वजनाने साधतात. आपल्याकडच्या शौकिनांनी नीट समजून घ्यावी अशी ही शर्यत आहे.

सुरुवात १८०४ ची. तेव्हा फक्त स्कॉटलंडमध्ये पैदास आणि तयारी झालेले घोडे धावत, तेही दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांत. १८५५ साली ती हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देऊन बरोबरी साधणारी शर्यत झाली, १९०७ ला सध्याच्या मैदानावर आली आणि १९०८ पासून सहा फर्लांगांची, म्हणजे साधारण १,२०० मीटरची. तिची खरी रंगत इथूनच.

हँडिकॅपर, म्हणजे वजन ठरवणारा अधिकारी, आधीच्या धावा बघून घोड्याला गुण देतो. गुण जास्त, तर वजन जास्त. एवढ्या अंतरात तीन पौंड जादा वजन म्हणजे ढोबळमानाने घोड्याच्या एका लांबीचा फरक! जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात. दोन्ही अंगांना सारख्या, नाहीतर खोगीर एकीकडे ओढतं. धाव संपल्यावर पुन्हा काट्यावर उभं राहायचं. वजन कमी भरलं तर जिंकलेला घोडाही बाद होतो.

घात होतो तो सुटताना. २५ पर्यंत घोडे, सरळ धाव, वळण नाही. घोळका दोन कडांना फुटतो. वेगवान घोडे एका कडेला गेले की दुसऱ्या कडेचा चांगला घोडाही मागे राहतो, आणि उशिरा सुटलेल्याला भरपाई करायला अंतरच उरत नाही.